एकादशी पाळणारं समुद्रफूल

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. थंडीतल्या एका सकाळी मी आणि माझा नवरा जळगावात महामार्गालगत, मुंबईहून येणाऱ्या ट्रॅव्हल्स थांबतात तिथे, स्कूटी लावून उभे होतो. क्लीनरने डिकीतून थर्माकोलचा खोका काढून नवऱ्याच्या हातात दिला आणि विचारलं, केक आहे का? नवरा हो म्हणाला. खरं काय ते सांगत बसलो असतो तर गाडी तिथेच थांबून राहिली असती. खोक्यात समुद्राच्या पाण्याने भरलेली पिशवी होती आणि पिशवीत एक समुद्रफूल होतं. घरी येईपर्यंत मी तो खोका पोटाशी धरून बसले होते. प्रत्येक गतिरोधकाला नवऱ्याला हळू म्हणत होते आणि तो आधीच हळू चालवत होता.

समुद्रफूल हे नावालाच फूल आहे. तो प्राणी आहे. खाली दगडाला चिकटून बसणारा पाय, वर एक तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे लांब लांब हात. हातांची टोकं फुग्यासारखी फुगतात. एवढं मी वाचून ठेवलं होतं. प्रत्यक्षात पिशवीतून जे निघालं ते शिजवून गार झालेल्या साबुदाण्याच्या गोळ्यासारखं दिसत होतं. पांढरट, लिबलिबीत, हात आत ओढून घेतलेलं. विकणारा फोनवर म्हणाला होता की पांढरा रंग दुर्मीळ असतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, तरी त्या दुर्मीळ शब्दाला भुलले. रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसले तेव्हा कळलं की त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलं की ते असं पांढरं पडतं. त्या शेवाळावर त्याचं अर्धं पोट चालतं. म्हणजे आमच्या घरी दुर्मीळ असं काही आलेलं नव्हतं. उपासमारीने आजारी पडलेला पाहुणा आला होता.

समुद्रापासून इतक्या लांब हा खटाटोप कशासाठी, असं मला सगळे विचारतात. नवरा पाइपच्या कारखान्यात आहे. तिथले एक साहेब नोकरी बदलून दक्षिणेकडे गेले आणि जाताना त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आमच्याकडे सोडून गेले. दगड, दिवे, पंप, सगळं. नवऱ्याला वाटलं, बैठकीत शोभा येईल. पण जळगावच्या नळाचं जड पाणी तिला चालत नाही. शुद्ध पाण्यात समुद्राचं मीठ मोजून कालवायचं, थेंबाथेंबाने तपासायचं, रंग बदलला की थांबायचं. मी वर्गात पोरांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आले होते, पण तिथे परीक्षानळीतलं पाणी शेवटी बेसिनमध्ये जायचं. इथे त्या पाण्यात कुणीतरी राहत होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्या टाकीची होऊन गेले. पहिला उन्हाळा मात्र आम्हाला झेपला नाही. साहेबांची केशरी पट्ट्यांच्या माशांची जोडी त्यात गेली. मग जुना का होईना, पाणी गार ठेवणारा चिलर घेतला. पुढे हिरवट चंदेरी मासे आले, दगड साफ करत फिरणारा लाल पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा आला, आणि आता हे आजारी समुद्रफूल.

त्याला जगवायचं तर भरवावं लागणार होतं. आणि भरवायचं काय, तर कच्ची कोळंबी.

आमचं घर माळकरी. सासरी चार पिढ्यांत कुणी मासा शिवलेला नाही. माझं माहेर धुळ्याचं, तिथेही तेच. बाजारात गोठवलेलं मटण-मासे विकणारं एक दुकान आहे. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने किती माणसांसाठी हवी विचारलं. मी म्हटलं, एका लहान मुलाच्या नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. त्याने मला सगळ्यात छोटं पाकीट दिलं आणि पुढे काही विचारलं नाही. ते पाकीट घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची माझी छाती होईना. नवऱ्याने कुठूनतरी एक जुना बुटका फ्रिज आणला आणि तो गच्चीवरच्या खोलीत बसवला. तिथली सुरी वेगळी, कापायची फळी वेगळी. सुरीच्या मुठीला मी लाल नेलपॉलिश लावलं, म्हणजे ती चुकून स्वयंपाकघरात जायला नको.

पहिला घास मी कधी विसरणार नाही. लांब प्लास्टिकच्या चिमट्यात तो तुकडा धरून मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. तुकडा एका हाताला लागला आणि तो हात त्याला चिकटला, च्युइंगगमसारखा. मग शेजारचा हात वळला, मग त्याच्या शेजारचा. सगळे मिळून तो तुकडा मधे नेऊ लागले आणि मधली बारीक फट, जी मला तोंड वाटतच नव्हती, ती उघडली. तुकडा आत गेला. फट मिटली. मी ओल्या हातानेच टाळ्या वाजवल्या आणि भिंतीवर खारं पाणी उडालं.

आनंद दहा मिनिटांचा. तो पट्टेवाला झिंगा दगडावरून उतरला, समुद्रफुलाच्या मधोमध उभा राहिला, आपले बारीक चिमटे त्याच्या तोंडात घातले आणि तुकडा बाहेर ओढून घेऊन पळाला. कोळंबीचा तुकडा, आणि तो पळवणारा तिचाच भाऊबंद. पुढच्या वेळी नवऱ्याने पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून टोपीसारखा केला. तुकडा दिला की ती टोपी समुद्रफुलावर ठेवायची. झिंगा बाहेरून टोपीवर चढायचा, गोल गोल फिरायचा, आत बघायचा. आतला पाहुणा शांतपणे जेवायचा.

असे आठवडे चालले. माघात माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांचं गाव रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. गावात सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि ऑपरेशन जळगावात व्हायचं होतं. गळ्यात तुळशीची माळ, पहाटेची आंघोळ, चहासुद्धा पूजा झाल्यावर. त्या बैठकीत पलंगावर बसायच्या आणि समोरच टाकी. त्यांना एवढंच दिसायचं की निळ्या उजेडात काहीतरी फुललंय आणि डोलतंय. त्या त्याला फूल म्हणू लागल्या. रोज सकाळी त्या दिशेने हातही जोडायच्या. मी चिमटा घेऊन आले की विचारायच्या, काय टाकते? मी म्हणायचे, खाऊ. आईला सांग असं मी नवऱ्याला म्हणायचे आणि तू सांग असं तो मला म्हणायचा. कुणीच सांगितलं नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा लागला आणि अक्कांना जग दिसू लागलं. भिंतीवरचं कोळिष्टक दिसलं, माझ्या केसातले पांढरे दिसले, नवऱ्याचं पोट दिसलं. त्यावर त्या भरभरून बोलल्या. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या सवयीने चिमटा घेऊन टाकीपाशी गेले आणि मागून आवाज आला, "हा तं झिंगा दिसतो."

मी वळले. त्या पलंगावरून उठून माझ्या शेजारी येऊन चिमट्यातल्या तुकड्याकडे बघत उभ्या होत्या. तापीकाठच्या गावातल्या बाईला झिंगा ओळखता येतोच. मी चिमटा तसाच धरून उभी राहिले. हात पाण्यात घालू की बाहेर ठेवू तेही कळेना. त्यांनी चष्मा वर केला, काचेला नाक लावलं आणि म्हणाल्या, दे. मी तुकडा दिला. त्यांनी सगळं पाहिलं. हात चिकटणं, वळणं, तोंड उघडणं. मग त्या परत पलंगावर गेल्या आणि दुपारपर्यंत टाकीकडे पाठ करून बसल्या. मी भाकऱ्या थापत होते आणि मनात म्हणत होते, आता बॅग भरतील.

जेवायला बसल्यावर त्यांनी विषय काढला. "वाघाले कोनी गवत चारतं का?" त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "ज्याचं पोट त्याचं खानं. पन एकादशीले नाही. या घरात एकादशीले नाही."

नवरा मान खाली घालून वरण ओरपत होता. मी लगेच कबूल झाले. पंधरा दिवसांतून एकदा उपास पडला तर समुद्रफुलाला काहीही होत नाही. जास्त भरवण्यानेच पाणी बिघडतं. त्या दिवसापासून आमचं समुद्रफूल एकादशी पाळू लागलं. माझ्या लक्षात नसेल तर अक्का आदल्या दिवशी आठवण करायच्या. द्वादशीला सकाळी पूजा उरकली की विचारायच्या, त्याचा उपास सोडला का?

होळीच्या सुमाराला त्याचा रंग परत येऊ लागला. आधी हातांच्या बुंध्याशी चहासारखी झाक आली. मी रोज सकाळी दिवे लागायच्या आधी टॉर्च घेऊन बघायचे आणि नवऱ्याला उठवायचे. कालच्यापेक्षा गडद आहे की नाही, सांग. तो डोळे चोळत हो म्हणायचा. मग झाक वर चढली, मग एका दिवशी निळ्या उजेडात सगळंच हिरवं चमकलं आणि फुगीर टोकांवर गुलाबी ठिपका आला. साबुदाण्याचा गोळा म्हणून आलेलं ते आता परातीएवढं पसरत होतं. अक्कांचा दुसरा डोळाही तोवर झाला होता. शेजारणी त्यांना बघायला यायच्या. अक्का स्वतःच्या डोळ्यांबद्दल दोन वाक्यं सांगायच्या आणि मग त्यांना टाकीपाशी न्यायच्या.

नंतर उन्हाळा आला. आपल्याकडचा चैत्र-वैशाख कसा असतो ते सांगायची गरज नाही. दुपारी पत्र्याला हात लागला तर फोड येतो. वीज गेली की चिलर बंद. नवऱ्याने इन्व्हर्टर जोडला, पण तो फक्त पाणी फिरवणारा पंप चालवायचा. त्यामुळे बाटल्यांमध्ये पाणी गोठवून ठेवायचं आणि वीज गेली की त्या टाकीत सोडायच्या, हे काम अक्कांनी अंगावर घेतलं. समुद्रफूल हिंडतं, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. पंपाने ओढून घेतलं तर त्याचा चुरा होतो आणि सगळ्या टाकीत विष पसरतं. नवऱ्याने ठिबकच्या फिल्टरची प्लास्टिकची जाळी आणली आणि पंपाला चहूबाजूंनी शिवून टाकली. जळगावात दुसरं काही मिळो न मिळो, ठिबकचं सामान हवं तेवढं.

एका आठवड्यात पाणी थोडं बिघडलं असं वाटून मी बरंच पाणी बदललं. त्यानंतरच्या सकाळी समुद्रफूल वेगळंच दिसलं. तोंड वासलेलं. पाय एका दगडाच्या दोन्ही बाजूंना ताणलेला, जणू दोन माणसं दोन टोकांना धरून चादर ओढताहेत. हात आक्रसलेले. मला वाटलं, गेलं. इतक्या महिन्यांनी, इतकं रंगात येऊन गेलं. त्याच दिवशी कॉलेजात परीक्षेचं पर्यवेक्षण होतं, रजा मिळणं शक्य नव्हतं. मी अक्कांना बजावलं, हात लावू नका, वास आला तर फोन करा. वर्गात फिरताना माझं लक्ष एकाही पेपरवर नव्हतं. एका मुलीने पुरवणी मागितली तर मी तिला दोन दिल्या.

पेपर संपवून शिक्षक खोलीत आले तोच फोन वाजला. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "ते फाटलं वं. मधातून फाटलं. पन दोन्ही हालून राह्यले."

दोन्ही. त्या एका शब्दाने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी वाचलेलं होतं, पानंच्या पानं वाचलेली होती, की चांगलं जेवलेलं समुद्रफूल कधी कधी मधोमध दुभंगतं आणि एकाची दोन होतात. ते माझ्या घरात, माझ्या टाकीत, माझ्या हातचं खाऊन होईल असं मनात आलं नव्हतं. स्कूटीची सीट तव्यासारखी तापली होती. मी ओढणी अंथरली आणि निघाले. प्रत्येक सिग्नलला वाटत होतं की शेजारच्या रिक्षावाल्याला सांगावं, माझ्या समुद्रफुलाची दोन झाली.

घरी अक्का टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर गोठलेल्या पाण्याची बाटली. मी काचेला नाक लावलं. दगडाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. दोघंही लहान, चुरगळलेली, एका कडेला चिरल्यासारखी. चिरलेली कड आतल्या बाजूला वळत होती, शिवण मिटावी तशी. मी नवऱ्याला कारखान्यात फोन केला आणि बोलता येईना म्हणून फोन अक्कांकडे दिला. त्यांनी त्याला जे सांगितलं ते ऐकून त्याला वाटलं माझंच काहीतरी झालंय. तो तसाच निघून आला. मग आम्ही तिघं काचेसमोर.

अक्कांना केळी माहीत. केळीच्या बुंध्याशी पील फुटतं, ते वाढतं, आईचा घड निघाला की आईला कापतात आणि पील बागेला पुढे नेतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग याच्यात माय कोनती अन् पील कोनतं?"

मी म्हटलं, दोन्ही तेच आहे. आई वेगळी नाहीच. त्यांना ते पटलं नाही. पुढे कित्येक दिवस त्या ठरवत होत्या. हे थोडं मोठं आहे म्हणजे माय. मग ते दुसरं मोठं व्हायचं आणि त्यांची माय बदलायची. जखम भरेपर्यंत दोघांना काही द्यायचं नव्हतं. तो काळ अक्कांना जड गेला, एकादशीपेक्षा मोठा उपास म्हणून. भरवायला सुरुवात केली तेव्हा दोन तोंडं एका वेळी उघडली. झिंग्याला आता कुणाच्या टोपीवर चढावं कळेना.

त्यानंतर ती जणू थांबायलाच तयार नव्हती. आषाढात एकाची पुन्हा दोन झाली. मग दुसऱ्याचीही. टाकीत जागा उरली नाही आणि ती एकमेकांपासून लांब जाण्यासाठी काचेवर चढू लागली. कुणाला तरी द्यायलाच हवं होतं.

मला धुळ्याचे नाना आठवले. माझ्या माहेरच्या गल्लीत त्यांचं साड्यांचं दुकान आहे. माझ्या लग्नाच्या कपड्यांचा बस्ता तिथेच फाडला होता. गादीच्या बाजूला, पैठण्यांच्या कपाटाला लागून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे आणि तिच्यात केशरी पट्ट्यांची जोडी. हे मासे समुद्रात समुद्रफुलाच्या कुशीतच राहतात. त्याच्या हातांचा डंख त्यांना बाधत नाही. नानांची जोडी मात्र वर्षानुवर्षं टाकीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या पाइपाखाली झोपायची. नानांनी हौसेने रबराचं नकली समुद्रफूल आणून ठेवलं होतं. मासे त्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. मी फोनवर म्हटलं, नाना, खरं आणते. ते म्हणाले, कधी?

दगडावरून समुद्रफूल सोडवणं सोपं नाही. ओढलं तर पाय फाटतो. मी बर्फाचा खडा पायाशी धरून पाहिला, ते आणखी घट्ट बसलं. शेवटी नवऱ्याने काचेला टेकवून छोटे सुटे दगड ठेवले. एका सकाळी त्यातल्या एकावर एक समुद्रफूल आपणहून जाऊन बसलं होतं. तोच दगड उचलला.

श्रावणातला रविवार होता. अक्का सोबत येणार हे त्यांनीच ठरवलं. मी म्हटलं, हेलपाटा होईल. त्या म्हणाल्या, वैशाखात त्याले बर्फ मी देला. नवऱ्याने मागून आणलेल्या कारच्या पुढच्या सीटवर खोका मांडीवर घेऊन त्या बसल्या. एरंडोल गेलं, पारोळा गेला. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला आली होती. पारोळ्याच्या पुढे अक्का शांतपणे म्हणाल्या की माझं लुगडं ओलं होऊन राह्यलं.

दगडाच्या धारेने पिशवी फाटली होती. नवऱ्याने गाडी एका चहाच्या टपरीला लावली. खोका उघडला तर पाणी अर्ध्यावर आलं होतं आणि समुद्रफूल मूठ आवळल्यासारखं झालं होतं. डिकीत जादा पाण्याचा कॅन होता, भांडं मात्र नव्हतं. टपरीशेजारच्या दुकानात प्लास्टिकच्या बादल्या टांगलेल्या होत्या. नवऱ्याने एक नवी घेतली, मी ती आमच्याच खाऱ्या पाण्याने दोनदा विसळली, कारण साबणाचा अंशही चालत नाही. मग दगडासकट त्याला त्यात ठेवलं आणि उरलेलं पाणी वरून सोडलं. तोवर टपरीवरची माणसं जमली होती. कुणी म्हणालं औषध आहे, कुणी म्हणालं मेंदू. अक्का लुगडं पिळत त्यांना समजावत होत्या की समुद्रातलं फूल आहे आणि जेवतं. एकाने विचारलं, काय जेवतं? अक्का म्हणाल्या, आपल्यासारखंच, वेळेवर. धुळ्यापर्यंत ती बादली त्यांनी पायांत धरली.

नानांच्या दुकानात राखीची गर्दी होती. बायका साड्या उलगडून बसल्या होत्या. नानांनी गादी मुलावर सोपवली आणि बाह्या वर केल्या. टाकीतलं पाणी थोडं थोडं बादलीत घालायचं, म्हणजे त्याला सवय होते. हे काम कंटाळवाणं, पण नाना ते दूध ओतावं तसं करत होते. नकली फूल त्यांनी बाहेर काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. मग आमचा दगड आत ठेवला. समुद्रफूल गोळा होऊन बसलं. माशांची जोडी आपल्या कोपऱ्यात. काहीच झालं नाही.

आम्ही माहेरी जेवायला गेलो. आईने शेवभाजी केली होती. अक्का दोनदा म्हणाल्या, चल. हात धुऊन परत दुकानात आलो तेव्हा नाना टाकीसमोर स्टुलावर बसले होते आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. समुद्रफूल उघडलं होतं, हिरवं, टोकं गुलाबी. जोडीतली मोठी, मादी, त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती. ती पुढे आली, एका हाताला शेपटी लावली आणि झटकन मागे गेली. पुन्हा आली. अंग घासलं, पुन्हा मागे. राखीच्या साड्यांची घासाघीस केव्हा थांबली ते कुणाला कळलं नाही. बायका साड्या हातात घेऊन आमच्या मागे उभ्या होत्या. मादी एकदम वळली, डोकं खाली केलं आणि सरळ त्या हातांच्या मधे घुसली. क्षणभर दिसेनाशी झाली. मग तिचं तोंड वर आलं, आजूबाजूला हिरवे हात, आणि ती त्यात अंग घोळवू लागली, पोर गादीत लोळतं तसं. पाठोपाठ नरही गेला.

नाना माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, दखा," ते म्हणाले. "गया ना मझार."

दोघं खरंच आत गेले होते. मी हसत होते की रडत होते मला ठाऊक नाही. मागची एक बाई म्हणाली, अगं बाई, हे तर माहेरी आले. अक्कांनी आपल्या पिशवीतून बर्फात गुंडाळलेली पुडी काढली आणि नानांसमोर धरली. ती मी विसरले होते. माळ घातलेल्या बाईच्या हातात कोळंबीची पुडी बघून नाना थोडे बावरले. अक्कांनी त्यांना सगळं नीट सांगितलं. तुकडा नखाएवढा, आठवड्यातून दोनदा, आणि एकादशीला नाही. नाना म्हणाले, एकादशी तर मीही करतो.

परतीच्या रस्त्यावर एरंडोल ओलांडल्यावर अक्कांनी विचारलं की रावेरकडे असं कुणाकडे आहे का. नवरा म्हणाला, तिथे टाकी लागेल, मीठ लागेल, गार करायचं यंत्र लागेल, वीज दिवसाआड जाते. त्या म्हणाल्या, मंग आना.

दसरा झाल्यावर नवऱ्याने सुट्टी काढली आणि गावच्या घरात, केळीच्या वखारीकडे उघडणाऱ्या खोलीत, एक लहान टाकी बसवली. पाइप त्याने स्वतः जोडले. सोलरच्या बॅटरीवर पंप ठेवला. पाणी मुरायला दिलं, मी दर रविवारी जाऊन तपासत होते. मागच्या महिन्यात आम्ही एक समुद्रफूल तिकडे नेलं. खोलीत पायाला जागा नव्हती. भाऊबंद, जावा, केळी कापणारे गडी, त्यांची पोरं. समुद्रफूल दोन दिवस रुसून बसलं आणि तिसऱ्या दिवशी उघडलं. मी चिमटा आणि तुकडा तयार केला. अक्का आंघोळ करून आल्या, पदर खोचला, माळ मानेमागे सारली आणि माझ्यासमोर हात धरला.

मी चिमटा त्यांना दिला. त्यांनी तो पाण्यात घातला. तुकडा एका हाताला टेकला आणि चिकटला, आणि त्या मागे वळून भरल्या खोलीला म्हणाल्या, "पाहा, घेतलं."